दुधरामचा उजवा हात

बकाराम माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नवेगाव बांधाच्या तलावाच्या पाण्यावर पिकणारी धानाची जमीन, थोडा ऊस, दोन बैलजोड्या आणि दुधराम नावाचा धाकटा भाऊ, एवढा त्याचा संसार. बाप लवकर गेला, तेव्हा दुधराम अजून उघडाच फिरायचा. बकारामनं त्याला खांद्यावर घेऊन शेतातल्या बांध्या दाखवल्या, पोहायला शिकवलं, स्वतःचं गीताबाईशी लग्न झालं तेव्हा तिलाही पहिल्याच दिवशी बजावलं, "हा माहा भाऊ नाई, पोरगा समज." असा हा माणूस. आणि याच माणसानं त्या भावाचं असं वाटोळं केलं, की एखादा वैरी सात जन्म राबला असता तरी त्याला जमलं नसतं.

त्या साली माघात ऊस गाळायला काढला होता. चरकात कांडी सारायचं काम दुधरामचं. बैल गोल फिरत होते, रसानं हात चिकट झालेला, एक कांडं आडवं अडकलं. ते सरळ करायला त्यानं बोटं पुढं केली आणि चरकाच्या दोन लोखंडी लाटांनी ती आत ओढून घेतली. बकारामनं धावत जाऊन बैलांची वेसण धरली, दोन्ही बैल जागच्या जागी गुडघ्यावर आणले, म्हणून मनगट वाचलं. गावातले लोक म्हणाले, हळद भरा, बांधून टाका, देवाची मर्जी. बकारामनं कुणाचं ऐकलं नाही. बैलगाडीनं स्टेशन, तिथून छोट्या लाइनची गाडी, आणि संध्याकाळच्या आत भाऊ मिशनच्या दवाखान्यात. तिथं गेलं की बाटवतात, असं सारं गाव म्हणायचं. बकाराम म्हणाला, "हात वाचू द्या, मंग पाहू." इतकं त्याचं काळीज मोठं होतं. म्हणूनच तर पुढचं सांगताना जीव जळतो.

डॉक्टरनं बोटं वाचवली. एक करंगळी तेवढी अर्धी गेली. जखमा भरल्या, टाके निघाले, पण बोटं लाकडाची झाली. ना मिटत, ना उघडत. डॉक्टर म्हणाला, "माझं काम झालं. आता कारेनबाईचं."

ही कारेनबाई म्हणजे साता समुद्रापलीकडून आलेली एक उंच, उन्हानं नाकाचं साल निघालेली तरुण बाई. दोन वर्षांसाठी आली होती, आणि पगार घेत नव्हती. पगार न घेता इतक्या लांब कुणी कशाला येईल, हे कुणालाच उमजत नव्हतं, त्यामुळं तिच्याविषयी निरनिराळ्या गोष्टी उठायच्या. तिचं काम एकच. दुखणं बरं झालं पण हात-पाय काम विसरले, अशा माणसांना ती काम द्यायची. कुणी टोपल्या विणायचं, कुणी रंधा मारायचं, कुणी टकळी फिरवायचं. काम करता करता हात सुटायचा आणि घरी जाताना माणसाच्या गाठीला एक कसबही असायचं.

दुधरामला तिनं टकळी देऊन पाहिली. नुसता अंगठाच हलला. टोपलीच्या कामट्या नव्या कातडीला कापायला लागल्या. मग एके दिवशी तिनं सुताचं रीळ आणि बांबूची चपटी सुई आणली आणि त्याच्या शेजारी बसून मासे धरायचं जाळं विणायला लागली. गाठ मारताना एक बोट धरतं, एक ओढतं, एक जाळ्याच्या घराचं माप घेतं. पाचही बोटांना काम. दुधराम आधी लाजला, मग हसला, मग आठ-पंधरा दिवसांत त्याला त्याचा नादच लागला. चैत्र संपता संपता पहिलं बोट वाकलं. त्यानं ते अख्ख्या दवाखान्याला दाखवलं.

इकडं बकारामच्या जिवाला वेगळाच घोर होता. अपघाताच्या आधी केशोरी गावच्या केशोरावांच्या मुलीशी, नंदाशी, दुधरामची सोयरिक ठरत आली होती. पोरगी चांगली, घर चांगलं, दुधरामनं तिला दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत पाहिलेलं आणि तेव्हापासून तो उगाचच केशोरीकडच्या रस्त्याची चौकशी करायचा. अपघातानंतर केशोरावांनी निरोप पाठवला, "हात पाहू, मंग बोलू." माणूस रोखठोक, पण अन्यायी नाही. धानाच्या बांधीत ज्याचा हात चालत नाही त्याला पोरगी कोण देईल? तेव्हा दुधरामचा सगळा जन्म त्या पाच बोटांवर येऊन ठेपला होता, आणि ते दुधरामला ठाऊक होतं, बकारामला त्याहून जास्त.

वैशाखात बकाराम केशोरावांना घेऊन दवाखान्यात निघाला. दोघं छोट्या गाडीनं आले. स्टेशनावर उतरल्यावर केशोरावांनी सवयीप्रमाणं तंबाखू मळली, चांगली मोठी चिमूट गालात ठेवली. दवाखान्याच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत पाटी होती, येथे थुंकू नये. पाटीखाली पहारेकरी. दोघं आत गेले.

पडवीत आठ-दहा रोगी कामं करत बसले होते. त्यांत दुधराम. मांडीवर जाळं, हातात सुई, आणि शेजारी मांडीला मांडी लावून बसलेला सुकराम. हा सुकराम नवेगावच्या बांधावर मासे धरणारा ढिवर. पायाच्या नासूरासाठी दवाखान्यात आलेला. बकाराम त्याला लहानपणापासून ओळखायचा, बाजारात त्याच्याकडून मासळी घ्यायचा, पण त्याच्या हातचं पाणी बकारामच्या घरी कुणी प्यालं नव्हतं.

"राम राम पाटील," सुकराम हसत म्हणाला. "तुमचा भाऊ आमच्या पोटावर पाय देऊन राहिला जी. माह्यापेक्षा बारीक गाठ मारते."

दुधराम उठला. त्याचं तोंड नुसतं फुललं होतं. "दादा, हे पाह्य. हे बोट पाह्य, कसं हलून राहिलं."

बकारामनं बोट पाहिलंच नाही. त्यानं जाळं पाहिलं. आपला भाऊ, कास्तकाराचा पोरगा, ढिवराच्या शेजारी बसून ढिवराचं काम करतोय, आणि हे पाहायला आपण सोबत कुणाला आणलंय, तर होणाऱ्या सोयऱ्याला.  उद्या सुकराम गावी जाणार, बांधावर बसून सांगणार, परवा जातपंचायत बसणार, दुधरामला पंगतीतून उठवणार. हे सगळं त्याला एका क्षणात दिसलं. माणसाला नसलेलं संकट किती लवकर दिसतं, आणि समोर हलणारं बोट दिसत नाही.

त्यानं केशोरावांकडं पाहिलं. केशोराव जरा पुढं झाले, दुधरामच्या हाताकडं वाकून पाहिलं, आणि काहीच बोलले नाहीत. ओठ घट्ट मिटलेले. "हं" नाही की "चूं" नाही. मग वळले आणि झपाझप फाटकाकडं चालायला लागले.

बकारामला वाटलं, झालं. मोडली सोयरिक.

तेवढ्यात कारेनबाई आली. तिची हिंदी म्हणजे चालताना ठेचा लागाव्यात तशी. "भाई आया? अच्छा हुआ. हाथ देखा? बहुत अच्छा हाथ. तीन महीना और, फिर सब काम."

"बाई," बकाराम म्हणाला, "आम्ही कास्तकार आहो. आमच्या घरी जाळं नाई विणत कोणी. याले दुसरं काही द्या."

तिनं शांतपणानं समजावलं. दुसरं देऊन पाहिलं, पण बोटं यानंच सुटली. मग तिला वाटलं, या माणसाला जाळ्याची भीती वाटत असेल, ती घालवावी. ती मोठ्या अभिमानानं म्हणाली, "मेरा बाप यही करता. मेरा भाई भी. समुंदर में मछली. मैं छोटी थी, तब से जाल बनाती."

काय बोलून बसली बिचारी! आतापर्यंत ती आली की बकाराम उठून उभा राहायचा, डोक्यावरचं पागोटं सारखं करायचा. साहेबाच्या देशातली बाई, कुणा मोठ्या घरची असणार, असं त्यानं धरून ठेवलं होतं. आणि आता कळलं, ही तर ढिवराची पोर. समुद्रातला असला तरी ढिवरच. बकारामच्या मनातून ती एका झटक्यात उतरली, आणि तिच्यासोबत तिचं सगळं ज्ञानही उतरलं.

"उठ," तो दुधरामला म्हणाला. "घरी चाल."

दुधराम उभाच होता. त्यानं हातातल्या जाळ्याकडं पाहिलं.

"तुम बोलो," कारेनबाई दुधरामला म्हणाली. "तुम्हारा हाथ. तुम बोलो."

पडवीतले सगळे काम थांबवून पाहत होते. दुधरामनं भावाच्या तोंडाकडं पाहिलं. त्यानं उभ्या जन्मात बकारामला उलट उत्तर दिलं नव्हतं. शेवटी त्यानं सुई आणि जाळं खाली ठेवलं आणि बाईला म्हणाला, "जातो जी."

कारेनबाईनं वाद घातला नाही. तिनं त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला, एकेक बोट मिटून उघडून बकारामला दाखवलं. रोज असं करायचं. रोज काम द्यायचं, कोणतंही, शेंगा सोलू दे, कणीक मळू दे, पण हात बांधून ठेवायचा नाही. बांधला तर गेला. बकाराम तोंडानं "हाव, हाव" म्हणत होता आणि मनात म्हणत होता, तू नको शिकवू.

फाटकाबाहेर केशोराव थांबले नव्हते. पहारेकरी म्हणाला, हातानं खूण करून गोंदियाकडं गेले. बकारामनं ती खूणही आपल्या मनासारखीच वाचली.

घरी आल्यावर दुधरामची जी सेवा झाली, ती एखाद्या राजाची होत नसेल. गीताबाईचं दिरावर पोटच्या पोरासारखं प्रेम. ती मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल कोमट करायची, हात चोळायची, आणि वर गरम फडकं घट्ट गुंडाळायची, थंडी लागू नये म्हणून. "भाऊजी, तुमाले काही करा लागत नाई. मी आहो ना." जेवताना घास ती कालवून द्यायची. दुधराम म्हणायचा, "वैनी, मले बाईनं सांगतलं होतं, हात बांधू नको." तर गीताबाई म्हणायची, "तिले का समजते? दुखणाऱ्या माणसाले कामाले लावते, ते कायची बाई?" आणि बकारामही तेच म्हणायचा. शिवाय गावाची भीती होतीच. लुळ्या भावाकडून काम करून घेतो, असं कुणी म्हटलं तर? त्यानं दुधरामला शेंग सोलायलाही लावलं नाही. रोवणीच्या दिवसांत अख्खं घर चिखलात असायचं आणि दुधराम पडवीत, हात मांडीवर ठेवून, पाऊस पाहत.

एकदा बकाराम दुपारी अचानक घरी आला. दुधरामनं बाजेची एक सुतळी सोडून घेतली होती, फडकं काढून ठेवलं होतं, आणि दातांत धरलेल्या दोरीवर उजव्या हातानं गाठ मारायचा प्रयत्न चालला होता. घामानं निथळत होता बिचारा. बकाराम दारात उभा राहून नुसता खाकरला. दुधरामनं सुतळी बाजेखाली सारली आणि फडकं परत गुंडाळायला घेतलं, एका हातानं नीट जमेना, तेव्हा बकारामनंच पुढं होऊन ते घट्ट बांधून दिलं. त्यानंतर त्यानं दुधरामला तसं करताना कधी पाहिलं नाही. त्याला वाटलं, बरं झालं, डोक्यातून गेलं ते.

सुकराम बरा होऊन पावसाळ्यात गावी आला. बकाराम महिनाभर धास्तावून होता. सुकराम कुणाजवळ एक अक्षर बोलला नाही.

दसरा झाला आणि एके सकाळी केशोराव दारात हजर. सोबत त्यांचा भाऊ. चांगली धोतरं, खांद्यावर नवे पंचे. बकाराम बावचळला. सोयरिक तर मोडली होती, मग हे कशाला? गीताबाईनं घाईघाईनं सतरंजी टाकली, चहा मांडला. दुधरामला बाहेर बोलावलं. तो डाव्या हातानं राम राम करत आला, उजवा हात फडक्यात.

"फडकं कायले?" केशोराव म्हणाले. "सोड ना."

गीताबाईनं सोडलं. केशोरावांनी हात आपल्या मांडीवर घेतला, एक बोट उघडायला पाहिलं. उघडलं नाही. दुसरं पाहिलं. बोटं तळव्याकडं वळून घट्ट बसली होती, वाळलेल्या पानाच्या कडा वळाव्यात तशी. केशोरावांनी हात अलगद खाली ठेवला, पंच्यानं तोंड पुसलं.

"हे काय झालं?" ते म्हणाले.

 दुधराम उठून आत गेला. चहा तसाच राहिला. केशोराव उठले, अंगणात आले, बकाराम त्यांच्या मागं. त्याचा राग आता वर आला होता, कारण रागाशिवाय जायला त्याला दुसरी जागा नव्हती.

"केशोरावजी, तुमचं मन तर त्याच दिवशी फिरलं होतं. जाळं पाहून एक शब्द न बोलता निघून गेले तुमी. आता हाताचं नाव कायले सांगता?"

केशोराव जाता जाता वळले.

"कोणतं जाळं?"

"दवाखान्यातलं. दुधराम विणून राहिला होता ते."

"अरे, माह्या तोंडात तंबाखू होती," केशोराव म्हणाले. "तिथं थुंकू देत नव्हते. बोलू कसा? थुंकाले म्हणून बाहेर पडलो, मंग गोंदियाची मोटर दिसली, माहं तिथं काम होतं, पहारेकऱ्याले खूण करून गेलो. जाळं होतं का टोपली होती, मी कायले पाहू? मी बोटं पाह्यली. अशी चालून राहिली होती. घरी जाऊन पोरीले सांगतलं, हात आला पोराचा, दिवाळीनंतर तुले देऊन टाकतो. पोरगी तवापासून वाट पाहून राहिली आहे." त्यांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला. "आता मी तिले काय सांगू, बकाराम?"

 केशोराव आणि त्यांचा भाऊ गेले. मार्गशीर्षात नंदाचं लग्न दुसरीकडं झालं. केशोरावांनी बोलावणं पाठवलं होतं, ते माणुसकी म्हणून.

लग्नाची वाट पाहत बकाराम बसला नव्हता. केशोराव गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं दुधरामला घेऊन दवाखाना गाठला. आता जाळं विणू दे, दोऱ्या वळू दे, जात वाळीत टाकते तर टाकू दे, त्याची सगळी तयारी झाली होती. रस्ताभर तो हेच बोलत होता. दुधराम खिडकीतून धानाच्या लोंब्या पाहत होता.

पडवीत दुसरे रोगी बसले होते. कारेनबाई नव्हती. तिची दोन वर्षं संपली, श्रावणात ती आपल्या देशाला परत गेली, असं डॉक्टर म्हणाला. त्यानं दुधरामचा हात उलटसुलट पाहिला, दाबला, आणि सोडून दिला. "सांधे धरले. आता माझ्याकडं यावर इलाज नाही."

"कितीही दिवस लागू द्या साहेब," बकाराम म्हणाला. "तो जाळं विणंल. मी स्वतः त्याले आणून बसवतो."

"तेव्हा विणू दिलं असतं तर झालं असतं," डॉक्टर म्हणाला. तो काही टोचून बोलत नव्हता, पण बकारामला ते हाडापर्यंत लागलं. डॉक्टर पुढं म्हणाला, "जायच्या आदल्या दिवशीही ती विचारत होती, दुधरामचं काही कळलं का म्हणून."

दुधरामनं पहिल्यांदाच मान वर केली. "मंग तुमी काय सांगतलं?"

"म्हटलं, घरी आहे. घरचे काळजी घेत असतील."

परतीच्या गाडीत दोघं एका बाकड्यावर बसले, स्टेशनावर उतरले, बैलगाडीत बसले. बकारामच्या हातात कासरा होता. उन्हं उतरली होती, दोन्ही बाजूंना धान कापणीला आलेलं. अर्धा रस्ता गेला. बकारामच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, आणि ती चूक आपली नसावी असं त्याला फार वाटत होतं. थोडी तरी दुसऱ्याची असावी. जास्त नको, थोडीच.

"दुधराम," तो म्हणाला, "त्या दिवशी बाईनं तुले विचारलं होतं. तू 'नाई' काऊन नाई म्हटलं? 'येत नाई' म्हटलं असतं, तर मी का तुले ओढून आणलं असतं?"

"तू ऐकलं नसतं."

"एकदा म्हणून तर पाहाचं होतं."

दुधरामनं उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर नीट ठेवला. तो रागानं बोलला नाही. घरी काय आणायचं राहिलं ते सांगावं, तितक्याच साध्या आवाजात बोलला.

"'नाई' म्हटलं असतं, अन् तू नाई ऐकलं असतं, तर जन्मभर तुह्यावर राग धरा लागला असता दादा. हात तर जाऊनच राहिला होता. मंग तुलेही कायले घालवू?"

बकारामच्या हातून कासरा सैल झाला. बैल आपल्याच मनानं चालत राहिले.